ट्रक आणि सरकारी गाड्यांचे इंधन निकष: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत मी गाड्यांचा हिशेब लिहितो. डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, हुंडेकऱ्याचं, म्हणजे भाडं मिळवून देणाऱ्या दलालाचं, कमिशन. नव्या गाड्यांच्या ॲव्हरेजचे नियम कडक करायची चर्चा निघाली की गाडीमालक, ड्रायव्हर आणि अधूनमधून एखादे सरकारी कर्मचारीही तेच ते प्रश्न घेऊन येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत. ती मतं म्हणूनच वाचावीत.

इंधन निकष म्हणजे नेमकं काय?

गाडीने ठरावीक अंतराला जास्तीत जास्त किती डिझेल प्यावं, याची सरकारने आखलेली रेघ. ही रेघ गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी असते. गाडी चालवणाऱ्याला तिचा दंड नाही. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनीला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून ते तपासून घ्यावं लागतं.

आपण म्हणतो, "लिटरला चार देते." कायदा उलटं मोजतो: शंभर किलोमीटरला किती लिटर. हा उलटेपणा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझी २०१४ची दहाचाकी आहे. मला काही करावं लागेल का?

नाही. निकष नव्या गाड्यांना लागतात. तुमच्या गाडीला फिटनेस, पीयूसी, विमा हे जे आहे तेच राहील.

आपल्याकडे ट्रकसाठी असे निकष आहेत, की अजून यायचे आहेत?

आहेत, पण फार थोड्यांना माहीत आहेत. पाया २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याचा. त्याखाली कारसाठीचे निकष १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून अधिक कडक झाले. ट्रक-बससाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये अधिसूचना काढली. १२ टन आणि त्यावरच्या गाड्या, पहिला टप्पा एप्रिल २०१८, दुसरा एप्रिल २०२१, असं त्यात लिहिलं होतं. पण मोटार वाहन नियमांत ते नीट बसायला वेळ गेला. रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये नियम ११५-जी बदलून हलक्या, मध्यम आणि जड गाड्या त्यात आणल्या आणि लागू व्हायची तारीख ठरली १ एप्रिल २०२३.

म्हणजे पहिल्या अधिसूचनेपासून साडेपाच वर्षांहून जास्त काळ गेला. एवढ्या काळात एखाद्या मालकाची गाडी फेडून होते.

कंपनी चुकली तर दंडही आहे. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनुसार दहा लाखांपर्यंतचा दंड, आणि वर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे रक्कम: शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत जास्त पीत असेल तर २५ हजार रुपये, त्याहून जास्त पीत असेल तर ५० हजार.

मग कंपनी सांगते ते ॲव्हरेज आपल्या रस्त्यावर का मिळत नाही?

कारण मोजायची पद्धत. ट्रकची चाचणी सपाट ट्रॅकवर, भरल्या वजनाने, एकसारख्या ४० आणि ६० च्या वेगाने होते. बसची ५० ला. मध्ये ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही, चढ नाही.

आता तुमची खेप आठवा. सोयाबीन भरून लातूरहून निघालात, की बालाघाटचे चढउतार, मांजरसुंब्याचा घाट, प्रत्येक गावाच्या वेशीला स्पीडब्रेकर, बाजाराच्या दिवशी अर्ध्या रस्त्यावर भाजीवाले. भरलेली गाडी एकदा थांबून पुन्हा उचलायला जे डिझेल जळतं, ते या चाचणीत कुठेच येत नाही. कन्नडच्या औट्रम घाटात तर २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी झाली आणि गाड्या वळसा घालू लागल्या. त्या वळशाचं डिझेल कोणत्याच निकषात बसत नाही.

म्हणून युरोपात ट्रकचं इंजिन, टायर, गिअरबॉक्स आणि हवेचा अडसर वेगवेगळे मोजून ते आकडे संगणकावर 'चालवतात': चढ, थांबे, लांब पल्ला, सगळं धरून. भारतातही त्याच धर्तीवर प्रणाली तयार करण्याचं काम सुरू आहे. माझ्या मते निकषाचा आकडा कडक करण्याआधी ही मोजणी बदलायला हवी. सपाट ट्रॅकवर पास होणारी गाडी घाटात कशी वागते हे कंपनीला विचारणारा आज कोणी नाही.

रस्त्यावर ट्रकपेक्षा कार आणि मोटारसायकली कितीतरी जास्त. मग जोर ट्रकवरच का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर वहीवर मांडल्याशिवाय पटत नाही. मांडू या.

एक जुनी भरलेली गाडी लिटरला ३ देते. महिन्याला ६,००० किलोमीटर चालते. डिझेल लागलं २,००० लिटर. तिच्या जागी ४ देणारी गाडी आली, तर लागेल १,५०० लिटर. वाचले ५०० लिटर.

आता एक कार १५ देते, तिच्या जागी २० देणारी आणली. ॲव्हरेज तब्बल पाचाने वाढलं. समजा तीही तेवढंच चालली: ४०० लिटरऐवजी ३००. वाचले १०० लिटर. आणि घरची कार महिन्याला ६,००० चालते कुठे? हजार चालली तरी खूप. मग वाचतात सोळा-सतरा लिटर.

ट्रकचं ॲव्हरेज एकाने वाढलं आणि कारचं पाचाने, तरी ट्रकने कैकपट डिझेल वाचवलं. "लिटरला किती" या भाषेत ही गोष्ट दिसत नाही. "शंभर किलोमीटरला किती लिटर" या भाषेत लगेच दिसते. ट्रक ३३ वरून २५ वर आला, कार ६.७ वरून ५ वर. कायदा उलटा का मोजतो, ते यासाठी.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या ५०० लिटरचा हिशेब महिन्याला सव्वा टनाच्या वर जातो, एकाच गाडीचा. आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, ते वेगळंच.

चांगल्या ॲव्हरेजची गाडी महाग पडेल. तो पैसा निघतो का?

समजा किंमत दोन लाखांनी वाढली आणि ॲव्हरेज साडेतीनवरून चारवर गेलं. ६,००० किलोमीटरला १,७१४ लिटरच्या जागी १,५००. महिन्याला २१४ लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर एकोणीस हजारांच्या वर. व्याज सोडलं तर दहा-अकरा महिन्यांत दोन लाख वसूल.

पण हा हिशेब गाडी महिनाभर पळत असेल तरच. रिटर्न भाड्यासाठी चार दिवस मोंढ्यात (धान्यबाजारात) उभी राहिली, की वसुली लांबली. शिवाय सगळ्यांच्याच गाड्या कमी पिऊ लागल्या की माल देणारी पार्टी भाडं पाडायला बघते, हेही आम्ही पाहिलेलं आहे.

अजून एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या चर्चेत येत नाही. आपल्याकडचे कितीतरी एक-दोन गाड्यांचे मालक नवी गाडी घेतच नाहीत. मोठ्या फ्लीटवाल्याने पाच-सहा वर्षं पळवलेली घेतात. म्हणजे आज दिल्लीत निकष कडक झाला, तर त्याचा फायदा माजलगाव-वसमतच्या मालकापर्यंत पोचायला तेवढी वर्षं लागणार. हे निकष लांबवायचं कारण होऊ शकत नाही. उलट जितका उशीर तिकडे, तितका इकडे वाढत जातो.

परभणीत डिझेल इतकं महाग का? निकषांचा त्याच्याशी काही संबंध?

इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं. परभणी तिथून सुमारे तीनशे किलोमीटर. टँकरचं भाडं दरात चढतं, म्हणून राज्यातल्या महाग इंधनाच्या बातमीत वर्षानुवर्षं परभणीचं नाव असतं. निकषांनी पंपावरचा दर उतरत नाही. पण जिथे लिटर महाग, तिथे वाचलेला लिटरही जास्त किमतीचा, एवढा संबंध आहे.

बीएस-६ म्हणजेच हे निकष ना?

नाही. हा घोळ आरटीओच्या दारातसुद्धा ऐकला आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेला बीएस-६ नळकांड्यातून निघणाऱ्या काजळीचा आणि नायट्रोजनच्या विषारी वायूंचा नियम आहे. त्यासाठी डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आणलं, गाडीत युरियाची टाकी आली, फिल्टर आला. इंधन निकष म्हणजे किती डिझेल जळतं त्याचा नियम. गाडी धूर न काढताही भरपूर पिऊ शकते.

फिल्टरमधली काजळी जाळायला थोडं डिझेल जातं, हे खरं. पण "बीएस-६ मुळे ॲव्हरेज पडलं" म्हणणाऱ्या तीन गाड्यांपैकी दोनमध्ये मला हवा कमी असलेले टायर सापडले आहेत.

ओव्हरलोड गाडीचं ॲव्हरेज कमी येतं, म्हणून निकष पाळणारी कंपनीही बदनाम होते. हे कसं धरायचं?

किलोमीटरमागे नको, टनामागे धरा. १० टन माल नेणारी गाडी लिटरला ६ देत असेल, तर एका लिटरवर ६० टन-किलोमीटर काम झालं. २५ टन नेणारी साडेतीन देत असेल, तर साडेसत्त्याऐंशी. कमी ॲव्हरेजची मोठी गाडीच इथे किफायतशीर.

२०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरचा मंजूर भार वाढवला. दहाचाकीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. डिझेलच्या दृष्टीने ते बरं झालं. त्याच्याही वर वाळू भरणं हा वेगळा विषय आहे. तिथे वाचलेलं डिझेल टायर, पाटे आणि रस्ता यांच्याकडून वसूल होतं.

समृद्धी महामार्गावर गाडी न थांबता जाते, तरी डिझेल वाचत नाही. असं का?

वेग. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलात, तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो. जड वाहनांना तिथे मर्यादा ८० ची आहे आणि रिकामा रस्ता दिसला की पाय आपोआप खाली जातो. थांबे टळल्याचा फायदा वारा खाऊन टाकतो. ताडपत्री सैल बांधली असेल तर विचारूच नका. ज्यांनी पासष्टच्या आसपास धरून चालवलं, त्यांच्या वहीत फरक दिसतो. वेळही फार जात नाही.

एसी केबिन सक्तीची झाली. ॲव्हरेज पडणार?

चालत्या गाडीत किरकोळ. मोंढ्यात किंवा कारखान्याच्या गेटवर इंजिन चालू ठेवून एसी लावला, तर मात्र तासागणिक डिझेल जातं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन लागते. मे महिन्यात नांदेडला ४३ अंश असताना इंजिनशेजारी बसून पाहावं, मग याला तक्रार म्हणावं.

सरकारी गाड्यांसाठी वेगळे निकष आहेत का?

ॲव्हरेजचे वेगळे निकष नाहीत. तहसील किंवा पंचायत समितीची जीप कंपनीच्या दृष्टीने इतर गाड्यांसारखीच. सरकारी गाड्यांपुरते दोन नियम मात्र आले आहेत. पहिला, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाडीची नोंदणी नूतनीकरण होत नाही, ती भंगारात जाते (संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची खास वाहनं सोडून). दुसरा, राज्याच्या २०२१च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा: मोठ्या शहरांत सरकारने नवी घेतलेली किंवा भाड्याची गाडी इलेक्ट्रिक असावी, असं त्यात होतं. त्या धोरणाच्या निवडक सहा शहरांत मराठवाड्यातून एकच नाव होतं, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. किनवट, औसा, परंड्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

खरं सांगायचं तर एका सरकारी जीपमागे फार डिझेल वाचत नाही. महिन्याला २,००० किलोमीटर, १० ऐवजी १४ ॲव्हरेज: ५७ लिटर. ट्रकच्या पाचशेपुढे काहीच नाही. तरीही सुरुवात तिथून व्हावी असं मला वाटतं. सरकार एकगठ्ठा खरेदी करतं. निविदेत "शंभर किलोमीटरला इतक्या लिटरच्या आत" अशी एक ओळ घातली, तर कंपनीला ती ऐकावी लागते. २०१७ मध्ये केंद्राच्या ईईएसएल कंपनीने दहा हजार इलेक्ट्रिक कारची निविदा काढली, तेव्हा मोठ्या कंपन्या धावत आल्या होत्या. आणि दुसरं, सरकारी गाडीचं लॉगबुक जनतेचं असतं. माझ्या वहीतलं ॲव्हरेज तुम्ही मागू शकत नाही, जीपचं मागू शकता.

लॉगबुकांचा एक अनुभव सांगतो. एका कार्यालयाची बारा महिन्यांची पानं मी चाळली होती. दर महिन्याला ॲव्हरेज बरोबर दहा. उन्हाळ्यात दहा, निवडणुकीच्या धावपळीत दहा, गाडी आठवडाभर गॅरेजला होती त्या महिन्यातही दहा. चालकाला विचारलं, तो हसून म्हणाला, "साहेब, मीटर दिवाळीपासून बंद हाय." आधी किलोमीटर ठरतात, मग डिझेल, की उलटं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

एसटीचं काय?

एसटी या बाबतीत बरीच पुढे आहे, कारण तिथे चालकागणिक डिझेलचा हिशेब ठेवायची सवय जुनी. मराठवाड्यात सरकारी बस १९३२ पासूनची, निजामाच्या रेल्वेच्या रस्ते विभागाने २७ गाड्यांवर सुरू केलेली. आज बसच्या ॲव्हरेजमध्ये सांगाड्याचं वजन मोठा भाग असतं, आणि ते काम चिकलठाण्याच्या कार्यशाळेत आपल्याच लोकांच्या हातात आहे. निकष कंपनीच्या चासीला लागतो. वर बांधलेल्या सांगाड्याचं वजन कमी करायला मात्र कोणी सक्ती करत नाही.

उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर यात येतात का?

टँकर ठेकेदाराचे असतात, पण पैसा सरकारचा. त्यामुळे ते नावाला खासगी आणि खर्चाला सरकारी. टंचाईच्या वर्षी गावोगाव जे टँकर फिरतात, त्यांत लाइनीवरून उतरलेल्या जुन्या गाड्या भरपूर. कच्चा रस्ता, पहिला-दुसरा गिअर, विहिरीवर इंजिन चालू ठेवून भरणं. निविदेत गाडीच्या वयाला आणि इंधनाला गुण द्यावेत, ही मागणी करण्यासारखी आहे. फेऱ्या मोजायला जीपीएस बसवलाच आहे, त्यातून किलोमीटरही निघतात.

बाहेरच्या देशांत काय झालं?

जड ट्रकसाठी जगात पहिले निकष जपानने २००६ मध्ये आणले. अमेरिकेत कारसाठी कायदा १९७५ चा, १९७३च्या तेलटंचाईनंतरचा. पण तिथे 'हलका ट्रक' म्हणून नोंदलेल्या गाड्यांना सवलत होती: कारला गॅलनला साडेसत्तावीस मैल, हलक्या ट्रकला वीसेक. कंपन्यांनी मोठ्या कौटुंबिक गाड्या हलका ट्रक म्हणूनच विकल्या आणि पळवाटेचा हमरस्ता झाला. जड ट्रकसाठी निकष ठरायला तिथे २०११ उजाडलं. सरकारी ताफ्यासाठी २००० मध्ये अध्यक्षांनी आदेश काढला: २००५ पर्यंत ताफ्याचं इंधन १९९९च्या तुलनेत वीस टक्के कमी करा. आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कारचे निकष मोडल्याचा दंडच शून्यावर आणला. नियम पुस्तकात राहिला, त्याचे दात गेले.

पळवाटेचा धडा आपल्याला लागू आहे. आपल्याकडे कारचे निकष वजनावर सैल-कडक होतात. गाडी जितकी जड, तितकी तिला सूट.

थांबून सरळ इलेक्ट्रिक ट्रकच घ्यावा का?

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ पासून इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाखांपर्यंत प्रोत्साहन आहे, पण देशभरात सुमारे ५,६०० गाड्यांपुरतं, आणि जुना डिझेल ट्रक भंगारात दिल्याचा दाखला लागतो. संभाजीनगरच्या वाळूज ते शेंद्रा या औद्योगिक वसाहतींसारख्या ठरलेल्या छोट्या फेऱ्यांना विचार करायला हरकत नाही. जालन्याचं लोखंड भरून रोज मुंबईला जाणाऱ्याने मात्र रस्त्यातलं चार्जिंग आधी स्वतः जाऊन पाहावं.

उसाचे ट्रॅक्टर?

ट्रकच्या निकषांत ट्रॅक्टर येत नाहीत. दोन ट्रॉल्या लावून हंगामभर रस्त्यावर धावतात, पण कागदावर ते शेतीचं अवजार आहे.

सरकारी गाडीचा हिशेब मागायचा तर काय लिहायचं?

माहिती अधिकाराचा साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. "इंधनाची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, मोघमच उत्तर येतं. एका गाडीचा क्रमांक द्या आणि एका आर्थिक वर्षापुरतं मागा: दर महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचं मीटर वाचन, भरलेलं डिझेल लिटरमध्ये, पंपाच्या पावत्यांच्या प्रती, आणि मीटर बंद असल्यास ते कधीपासून बंद आहे व दुरुस्तीसाठी कधी पत्र दिलं. शेवटचा मुद्दा विसरू नका. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.